इपॉक्सी ग्राउट म्हणून सिमेंट गळ्यात मारलं, शॉवर स्वतः करणाऱ्यांनी वाचाच

चार दिवस लिहू की नको करत होतो कारण लाज वाटते, पण घरचा शॉवर स्वतः करायला घेणारे बरेच जण असतात, त्यांचं तरी असं होऊ नये.

शॉवरची जागा ३ बाय ३ फूट, दोन भिंती ७ फुटांपर्यंत, म्हणजे सगळं मिळून ५१ चौरस फूट. मी काही आंधळेपणाने उडी मारली नव्हती, सहा महिने वाचत होतो, व्हिडिओ बघत होतो. फरशीला ड्रेनकडे ढाळ नीट दिला, फरशीवर वॉटरप्रूफिंगचे दोन कोट मारले, २४ तास पाणी साठवून बघितलं, थेंबभर उतरलं नाही. टाइल्स नॉच ट्रॉवेलने, म्हणजे दातेरी थापीने, अ‍ॅडेसिव्ह ओढून बसवल्या, एक टाइल मुद्दाम उचकटून मागे पोकळी राहिली नाही ना ते पाहिलं. फसलो तो ग्राउटमध्ये, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांत भरतात त्या मसाल्यात.

साधं ग्राउट सिमेंटचं असतं, इपॉक्सी रेझिनचं, पाणी न शोषणारं. ऑनलाइन एकाकडून ५ किलोची २ इपॉक्सी किट घेतली. साध्या ग्राउटच्या ६ पट पैसे आणि सगळे आगाऊ. फोनवर माणूस इतकं सफाईदार बोलायचा की आपण तज्ज्ञाशीच बोलतोय असं वाटावं. तोच म्हणाला, "साहेब, इपॉक्सी आहे, भिंतीला वॉटरप्रूफिंग कशाला वाया घालवता?" आणि मी भिंतींचे कोट वाचवले. टाइल आणि ग्राउट पाणी अडवत नाहीत, अडवतो तो मागचा कोट, हे मी वाचलेलं होतं! तरी ऐकलं त्याचं.

आता तो क्षण, ज्याच्यावरून अजून रात्री झोप लागत नाही. किट उघडलं तर आत एक पावडरची पिशवी आणि एक दुधासारख्या पातळ द्रावाची बाटली. इपॉक्सीत तीन भाग असतात, रेझिन, हार्डनर आणि फिलर पावडर, आणि मिश्रणात पाणी अजिबात घालत नाहीत. इथे कागदावर चक्क छापलेलं, "गरजेनुसार पाणी घालावे". बायको शेजारी उभी होती, म्हणाली, "अहो, हे सिमेंटच दिसतंय की." मी त्याला फोन लावला, तो म्हणाला नवीन वॉटर बेस्ड टेक्नॉलॉजी आहे, आणि मी बायकोला गप्प केलं. तिथे थांबायला हवं होतं. टाइल्स लागल्या होत्या, घरात एकच बाथरूम, आठवडाभर सगळ्यांचे हाल, कोण थांबलं असतं त्या दिवशी? वर तो म्हणाला दोन्ही किटची पावडर आधीच एकत्र करा, नाहीतर शेड बदलेल. केली. लागलं अडीच किलोच्या आसपास, म्हणजे एक किटसुद्धा जास्त होतं, आणि एकही सीलबंद पाकीट शिल्लक राहिलं नाही. ते कशासाठी होतं हे मला नंतर कळलं.

टाइलवरचं ग्राउट ओल्या स्पंजने एका हातात पुसलं गेलं तेव्हा मी खूश झालो. खरं इपॉक्सी चिकट असतं, पुसताना घाम काढतं. सोपं गेलं तर शंका घ्या.

तीन महिन्यांत सांध्यांवर पांढरा खार, बोटाने घासलं की भुकटी, आणि पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पोपडे. वाळलेल्या ग्राउटवर पाण्याचा थेंब टाकला, मिनिटात काळपट डाग. हे तुकड्यावर आधी करून बघा, पूर्ण शॉवर भरल्यावर नाही.

तक्रारीचं तर विचारूच नका. जिथून घेतलं ते म्हणाले वापरलेला माल परत नाही, मुदतही संपली. न वापरता कळणार कसं? पोलीस म्हणाले हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रारीच्या ऑफिसात ४ फेऱ्या, प्रत्येक वेळी वेगळा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगा, फॉर्म ३ प्रतींत, त्यातली एक त्यांनीच हरवली आणि परत मलाच आणायला लावली. मग म्हणे लॅब रिपोर्ट आणा, खर्च तुमचा, नमुना सीलबंद हवा. सीलबंद कुठून आणू? बिल दाखवलं तर त्यावर नुसतं "टाइल ग्राउट". इपॉक्सी हा शब्दच नाही! बाई म्हणाल्या बिलाप्रमाणे तुम्हाला माल बरोबर मिळालाय. मी तिथे खुर्चीवर बसून राहिलो, मला उठवेना. बिलावर मालाचं पूर्ण नाव लिहून घ्या, पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढा, एक पाकीट काम संपेपर्यंत फोडू नका.

आणि कोपऱ्यांत, भिंत-फरशीच्या सांध्यात ग्राउट नको, सिलिकॉन. तिथेही त्याने ग्राउटच भरायला सांगितलं होतं, तिथेच पहिली चीर गेली.

आता फरशीचं ग्राउट मल्टिटूलने खरवडतोय आणि भिंतींच्या ४२ चौरस फूट टाइल्स फोडून काढतोय. इतक्या घट्ट बसवल्या होत्या मी की एकही अख्खी निघत नाही. काल रात्रीपर्यंत ११ चौरस फूट झालं.