जुना कमाडो: दुरुस्त करावा, नवा घ्यावा की पत्र्याचा आणावा?

आमच्या गच्चीवरचा कमाडो, म्हणजे जाड सिरॅमिकची, घुमटासारख्या झाकणाची कोळशाची शेगडी, मेहुण्यांनी अमेरिकेहून परतताना घरसामानाबरोबर आणला, त्याला आता १२ वर्षं झाली. गेल्या वर्षी आतला फायरबॉक्स, म्हणजे निखारे ज्यात पेटतात ती खापराची कुंडी, वरपासून खालपर्यंत तडकला. झाकणाच्या कडेचं फेल्ट जळून काळंठिक्कर पडलं. घरात लगेच दोन मतं झाली. एक म्हणे, यावर आता पैसे घालू नका, सरळ नवा घ्या. दुसरं म्हणे, पत्र्याचा आणा, कटकट मिटेल. मी दुरुस्ती केली आणि मला ते बरोबर वाटतं. पण तुमच्या कमाडोची अवस्था वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येईल.

पैशाचा विचार करण्याआधी कमाडो वाजवून बघा. माठ घेताना टिचकी मारतो तसंच. झाकण आणि अंग आवळून धरणाऱ्या पोलादी पट्ट्यापासून लांब, बाहेरच्या अंगावर चारी बाजूंनी बोटाच्या सांध्याने ठोका. आवाज खणखणीत आला तर अंग शाबूत आहे. एखाद्या जागी बद्द वाजलं तर तिथे तडा आत गेलाय का ते निरखून बघा. ग्लेझवर, म्हणजे वरच्या चकचकीत थरावर, केसासारख्या रेषांचं जाळं दिसेल, त्याला घाबरू नका. आजीच्या लोणच्याच्या बरणीवर असतं तेच ते, वरच्या थरापुरतं. मग थोडे निखारे पेटवा, झाकण लावा आणि वरची झडप बंद करून धूर कुठून निघतो ते पाहा. कडेने निघाला तर गॅस्केट, म्हणजे कडेची ती फेल्टची पट्टी, गेलंय. अंगातून निघाला तर तडा आरपार आहे.

निम्मा निर्णय इथेच होतो. कमाडोचा सगळा खेळ हवेचा आहे. खालच्या झडपेतून किती शिरते आणि वरून किती सुटते, त्यावर ११० अंशांवर मटणाची अख्खी रान (मांडी) सात-आठ तास शिजवता येते आणि त्याच शेगडीवर ३०० अंशांच्या पुढे जाऊन पिझ्झाही भाजता येतो. ही हवा बाहेरचं अंग अडवून धरतं. ते आरपार फुटलं असेल तर फायर क्ले (भट्टीची माती) भरून उपयोग नाही. अंग तापून फुगतं, निवून आकसतं आणि लेप काही दिवसांत सुटून येतो. शिवाय ते जड झाकण उघडताना तुकडा पायावर येण्याची भीती. अशा कमाडोवर एक रुपयाही घालू नका.

फायरबॉक्सचा तडा मात्र बहुतेक वेळा दिसतो तेवढा वाईट नसतो. त्याच्या आतल्या बाजूला लालभडक निखारे, बाहेरची बाजू त्या मानाने गार. दोन्हीकडचं फुगणं सारखं नसतं, म्हणून तो तडकतो. तो आत बसलेला असल्यामुळे त्याच्या तड्यातून हवा कमाडोबाहेर गळत नाही. काही कंपन्यांनी तर पुढे फायरबॉक्स मुद्दामच सुट्या तुकड्यांचा केला, म्हणजे फुगायला जागा राहते. आमचा दोन तुकड्यांत गेला होता. बाहेरून स्टेनलेस स्टीलच्या तारेचे दोन वेढे घालून आवळला आणि परत ठेवला. गॅल्व्हनाइज्ड तार वापरू नका, तिच्यावरचं जस्त तापलं की त्याचा धूर विषारी असतो. आणखी एक गोष्ट मला तो बाहेर काढल्यावर दिसली: फायरबॉक्स आणि बाहेरचं अंग यांच्या फटीत वर्षानुवर्षांची राख आणि कोळशाची कणी घट्ट बसली होती. फुगायला जागाच नव्हती बिचाऱ्याला. ती फट वर्षातून एकदा साफ करा. तुकडे चार-पाच झाले असतील तर मात्र नवा फायरबॉक्स मागवणंच बरं. जड आणि फुटणारी वस्तू, त्यामुळे कुरियरचा खर्च आधी विचारून घ्या.

गॅस्केटची परीक्षा दहाच्या नोटेने होते. नोट कडेत धरून झाकण लावा आणि ओढा. अडखळली तर ठीक, सुळकन निघाली तर तिथे गॅस्केट दबून गेलंय. मूळ फेल्ट स्वस्त असतं, पण जास्त आचेवर जळतं. भट्टीच्या दारांना लावतात ती ग्लास फायबरची पट्टी जास्त टिकते. मला ती पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास विचारत विचारत मिळाली. दुकानात अ‍ॅस्बेस्टॉसचा दोर पुढे केला तर घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो. अन्नाच्या शेगडीवर त्याला जागा नाही. जुनं फेल्ट पात्याने खरवडून, कड अ‍ॅसिटोनने पुसून, पूर्ण वाळल्यावरच नवीन चिकटवा. या कामात माझी एक सकाळ गेली, त्यातला बराचसा वेळ खरवडण्यात.

पट्टे आणि बिजागरी यांच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि खरा धोका तिथेच असतो. एकदा झाकण उचलताना घुमट पट्ट्यातून बोटभर खाली सरकला. दोन्ही हातांनी धरला म्हणून वाचला. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी, झाकण बंद ठेवून, पाना घेऊन नट आवळतो.

झाकणावरचा थर्मामीटर काढून उकळत्या पाण्यात धरून तपासा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. काटा तिथे आणा.

आता नव्याचं. नामांकित परदेशी कंपनीचा मोठा कमाडो लाखाच्या पुढेच जातो. त्यात तुम्हाला मिळते सिरॅमिकवरची लांब मुदतीची हमी, आणि तीही बहुधा पहिल्या मालकालाच. म्हणून कोणाचा वापरलेला घेत असाल तर हमी धरून चालू नका, वाजवूनच घ्या. बाहेरचं अंग फुटलेलं असेल, किंवा दर आठवड्याला वीस माणसांचं भाजायचं असेल, तर नवा घेणं मला पटतं. नाहीतर जाड सिरॅमिक १२ वर्षांनीही उष्णता तेवढीच धरतं. झिजतात ती गॅस्केट, जाळी, स्प्रिंग, आणि ती सगळी बदलता येतात.

दुहेरी पत्र्याचा कमाडो हलका असतो. मोठा सिरॅमिकचा ७० किलोंच्या वर भरतो, चौघांनी जिना चढवावा लागतो. पत्र्याचा दोघं सहज नेतात. तडा जाण्याचा प्रश्नच नाही. भाड्याच्या घरात राहत असाल, दर ११ महिन्यांनी करार आणि वर्षा-दोन वर्षांनी बिऱ्हाड हलत असेल, तर मी हाच घ्या म्हणेन. फक्त पुण्याचा पावसाळा लक्षात घ्या. राखेच्या ताटलीत ओलसर राख राहिली की तिथून गंज धरतो.

तंदूर हा चौथा पर्याय काही जण सुचवतात. रोटी आणि कबाबाला तो उत्तमच, पण तोंड उघडं, कोळसा जास्त लागतो, आणि मंद आचेचं लांब काम त्यावर जमत नाही.

सिरॅमिकचा ठेवायचं ठरवलंत तर त्याची खरी कसोटी जून ते सप्टेंबर. आतली बाजू ग्लेझ नसलेली, ती पाणी पिते. प्लॅस्टिकचं कव्हर गच्च बांधलं की आत बुरशी येते, म्हणून छपराखाली ठेवून दोन्ही झडपा थोड्या उघड्या ठेवा. दसऱ्याच्या सुमारास आमच्याकडे पहिला जाळ होतो. उरलेला जुना कोळसा टाकून देतो, साबण-पाणी अजिबात लावत नाही, मूठभर निखाऱ्यांवर तासभर नुसतं कोमट होऊ देतो. अंगात मुरलेलं पाणी एकदम वाफ होऊन उसळलं तर धडधाकट सिरॅमिकही तडकू शकतं. वरच्या झडपेतून येणारी पांढरी वाफ थांबली, हात धरला तर कोरडी हवा लागली, की मग आच वाढवून बुरशी जाळून काढायची. त्या दिवशी वर काही भाजायचं नाही. वांगी दुसऱ्या दिवशी.