ब्लॅक होल की अटॅक फ्रॉम मार्स?

नाशिकला गंगापूर रोडवरच्या मित्राकडे आम्ही हे दोन्ही पिनबॉल (उतरत्या पटावर चेंडू टोलवत ठेवायची खेळयंत्रं) संगणकावर खेळतो, आणि वाद दर वेळी तोच: भारी कुठलं?

गॉटलिब कंपनीच्या ‘ब्लॅक होल’ची (1981) खरी करामत मुख्य पटाच्या खाली आहे. काचेच्या खिडकीतून दिसणारा दुसरा पट! त्याचा उतार उलटा, त्यामुळे चेंडू आपल्याकडे येण्याऐवजी दूर पळतो आणि पलीकडचे फ्लिपर (चेंडू टोलवणारे, बटणानं हलणारे दांडे) त्याला आपल्या दिशेनं फेकतात. हाताची सगळी सवय मोडते. तिथून परतीची वाट उघडता आली नाही, तर चेंडू गेलाच. कृष्णविवरात ओढलं जाण्याची भावना इथं यंत्राच्या रचनेतूनच येते, नुसत्या चित्रांतून नाही; म्हणून मला हे डिझाइन थोर वाटतं.

बॅली कंपनीचं ‘अटॅक फ्रॉम मार्स’ (1995, रचनाकार ब्रायन एडी) मात्र पहिल्या चेंडूपासून कळतं. मधोमध उडती तबकडी. तिच्यापुढची टार्गेट मारून खाली पाडायची, मग तबकडीवर तुटून पडायचं. पॅरिस, लंडन वाचवत पुढं जायचं. सरळ मारलेला चेंडू तितक्याच सरळ दोन फ्लिपरच्या मधून निसटू शकतो, आणि ती धाकधूक मला फार आवडते.

घरी पोरं जमली की मार्स लावा. एकट्यानं खेळायला मी ब्लॅक होलच निवडतो.