क्रोएशियाच्या सहलीतील वुकोव्हारचा दिवस: कोल्हापूरच्या एका सहल कंपनीच्या सेवेविषयी

कोल्हापुरातून निघणाऱ्या युरोपच्या सहलींत क्रोएशिया आता सर्रास दिसू लागला आहे. १ जानेवारी २०२३ पासून हा देश शेंगेन क्षेत्रात आला, तेथे युरो चलन सुरू झाले आणि ऑस्ट्रिया-स्लोव्हेनियाच्या जोडीने एकाच व्हिसावर तो दाखवणे सहल कंपन्यांना सोयीचे झाले. मात्र बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत झाग्रेब, प्लित्वित्सेचे धबधबे, स्प्लिट आणि दुब्रोव्हनिक हीच चार नावे असतात. राजारामपुरीतील ज्या कंपनीबरोबर आम्ही गेलो, तिने यांखेरीज डॅन्यूब नदीकाठच्या, १९९१ च्या युद्धात वेढ्यात सापडलेल्या वुकोव्हार शहरासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवला होता आणि मुख्यतः त्या दिवसासाठीच मी तिची निवड केली. त्यामुळे हे परीक्षणही त्या दिवसापुरतेच आहे. हॉटेले, विमानप्रवास आणि जेवण यांत नाव ठेवायला जागा नव्हती, एवढे सांगितले की पुरे.

नोंदणीच्या वेळी कार्यालयातील तरुणाने प्रामाणिकपणे सांगितले, "काका, वुकोव्हारला बघण्यासारखं तसं काही नाही बरं का. नको असेल तर त्या दिवशी झाग्रेबलाच थांबा, खरेदी होईल." आमच्यातील काहींनी तसे केलेही. ज्याला त्या जागी जायचे नाही त्याला ओढून नेऊ नये, हे कंपनीचे धोरण मला योग्य वाटले. पण बघण्यासारखे काही नाही, हे तिच्याच माणसाने म्हणावे हे काही पटले नाही.

निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या हाती एक छोटी मराठी पुस्तिका दिली जाते. कल्पना उत्तम आहे, मजकूर मात्र घाईत उरकलेला आहे. "सर्बांनी क्रोएटांना मारले" एवढ्या एका वाक्यात १९९१ साल गुंडाळले आहे. क्रोएशियाने २५ जून १९९१ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले, त्यानंतर ज्या सैन्याने वुकोव्हारला वेढा घातला ते तोवर त्याच देशाचे, म्हणजे क्रोएशिया व सर्बिया ज्याचे भाग होते त्या युगोस्लाव्हियाचे, संघराज्य लष्कर होते आणि त्याच्या जोडीला स्थानिक सर्ब प्रादेशिक दल व सर्बियातून आलेले स्वयंसेवक लढत होते, हे वाचकाला कळल्याशिवाय पुढचे काहीच नीट उमगत नाही. वुकोव्हार हे केवळ क्रोएटांचे गावही नव्हते. १९९१ च्या जनगणनेनुसार त्या नगरपालिका क्षेत्रात क्रोएट सुमारे ४४ टक्के आणि सर्ब सुमारे ३७ टक्के होते. शेजारी शेजाऱ्याला नावाने ओळखत होता. वेढा ८७ दिवस चालला आणि १८ नोव्हेंबरला शहर पडले.

पुस्तिकेने जे गमावले ते तेथील स्थानिक मार्गदर्शक बाईंनी भरून काढले. कंपनीने या दिवसासाठी वुकोव्हारमधीलच मार्गदर्शक नेमली, हे तिचे सर्वांत मोठे श्रेय. सुरुवात रुग्णालयाच्या तळघरापासून झाली. वरचे मजले तोफांच्या माऱ्यात निकामी झाल्यावर शस्त्रक्रिया, बाळंतपणे आणि जखमींच्या खाटा असे सगळे रुग्णालय खाली हलले होते. एक बॉम्ब न फुटता एकामागून एक मजल्यांतून आरपार खाली आला आणि खाटेवर पडलेल्या एका जखमीच्या पायांशी येऊन थांबला. तो माणूस वाचला. छताला पडलेले ते भोक तसेच जपून ठेवले आहे. त्याखाली उभे राहून वर पाहिले की मजल्यांच्या फाटलेल्या कडा एकावर एक दिसतात, आणि बाई तेथे मुद्दाम काही बोलत नाहीत, हे त्यांचे कौशल्य.

आमच्यातील एका निवृत्त शिक्षिकेने विचारले, "मग रेडक्रॉसची माणसं तेव्हा कुठं होती?" प्रश्न नेमका होता. रुग्णालय सुरक्षितपणे रिकामे करण्याचा करार १८ नोव्हेंबरला झाग्रेबमध्ये झालेला होता. तरीही २० नोव्हेंबरच्या सकाळी रेडक्रॉसच्या प्रतिनिधीला युगोस्लाव्ह लष्करातील मेजर वेसेलिन श्ल्यिवांचानिन याने पुलावरच अडवून धरले, त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे आणि त्याच सुमारास रुग्णालयातून पुरुषांना बाजूला काढून बसमध्ये बसवले जात होते. अडीचशेहून अधिक लोकांना आधी लष्करी बराकीत आणि तेथून ओव्चारा येथील शेतमालाच्या गोदामात नेण्यात आले. बसमधून उतरताच दोन्ही बाजूंनी उभ्या असलेल्या माणसांनी त्यांना झोडपत आत ढकलले, आणि संध्याकाळपासून दहा-वीस जणांच्या तुकड्या करून जवळच खणलेल्या खड्ड्यापाशी नेऊन त्यांना गोळ्या घातल्या. १९९६ मध्ये तो खड्डा उकरला गेला तेव्हा २०० मृतदेह निघाले. वेढ्याच्या काळात शहराच्या रेडिओवरून रोज बातम्या देणारा पत्रकार सिनिशा ग्लावाशेविच त्यांपैकीच एक.

तेच गोदाम आज स्मारक आहे. आत जवळजवळ अंधार असतो. भिंतींवरील मृतांची छायाचित्रे क्षणभर उजळतात आणि पुन्हा विझतात, पायाखालच्या काँक्रीटमध्ये काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या बसवलेल्या आहेत. येथे कंपनीने दिलेला वेळ पुरेसा होता आणि कोणालाही घाई करण्यात आली नाही.

याच ठिकाणी मात्र आमच्या सहल व्यवस्थापकाची मराठी उणी पडली. बाई इंग्रजीत सावकाश, तपशीलवार बोलत आणि व्यवस्थापक त्याचे "इथं लई माणसं मारली बघा" असे करून टाकत. ज्यांना इंग्रजी येत नव्हते, त्यांच्यापर्यंत त्यामुळे सर्वांत महत्त्वाचा भाग पोहोचलाच नाही. तो भाग असा की, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या हत्याकांडाचा निकाल देताना एक बारीक, पण वजनदार फरक केला. बंदी निवडले गेले ते क्रोएशियाच्या बाजूने लढल्याच्या संशयावरून; म्हणून नागरिकांविरुद्धचा, म्हणजे मानवतेविरुद्धचा गुन्हा सिद्ध होत नाही, पण हाती आलेल्या बंद्यांना मारणे हा युद्धनियमांचा भंग आहे आणि तो १९४ जणांच्या बाबतीत सिद्ध होतो, असे न्यायाधीशांनी २००७ मध्ये ठरवले. त्याच लष्करातील कर्नल मिले म्र्क्शिच याला २० वर्षांची शिक्षा झाली, कारण गोदामावरील लष्करी पहारा काढून घेण्याचा हुकूम त्याचा होता आणि पहारा हटला म्हणजे आतल्यांचे काय होणार हे त्याला ठाऊक होते. श्ल्यिवांचानिनची ५ वर्षांची शिक्षा अपिलात १७ झाली आणि पुढे नव्या साक्षीमुळे १० वर आली. तिसरा आरोपी मिरोस्लाव्ह रादिच सुटला. पुस्तिकेत ओव्चाराच्या सगळ्या मृतांना सरसकट "निरपराध नागरिक" म्हटले आहे. लिहिणाऱ्याची भावना समजते, परंतु जखमी सैनिकाला खाटेवरून उचलून मारणे हे कमी भयंकर असते का? मग त्याला नागरिक ठरवण्याची गरजच काय?

ज्यांच्या नागरिक असण्याबद्दल शंकेला तिळमात्र जागा नाही, ते लोव्हासमध्ये मारले गेले, आणि माझ्या मते कंपनीच्या कार्यक्रमातील सर्वांत मोलाचे ठिकाण हेच आहे. वुकोव्हारपासून फार लांब नसलेले हे शेतीवाडीचे खेडे १० ऑक्टोबर १९९१ रोजी युगोस्लाव्ह लष्कर व सर्ब दलांच्या ताब्यात गेले. त्यानंतर क्रोएटांना दंडावर पांढरी पट्टी बांधावी लागे आणि त्यांच्या घरांवरही पांढऱ्या कापडाची खूण असे. १८ ऑक्टोबरला गावातील सुमारे पन्नास पुरुषांना द्राक्षे तोडायला नेतो असे सांगून बाहेर काढले आणि सुरुंग पेरलेल्या चाऱ्याच्या शेतात, एकमेकांचे हात धरून, पायांनी गवत झाडत पुढे चालायला लावले. स्फोट आणि मागून झालेला गोळीबार यांत २१ जण मेले. त्या शरदात या एका गावात सुमारे ७० जण मारले गेले. आज तेथे शेताच्या कडेला स्मारक आहे, आणि पलीकडे खरोखरच पीक उभे असते. आमच्यातील दोघे-तिघे हाडाचे शेतकरी. बांधावरून ते बराच वेळ हलले नाहीत. चाऱ्याचे शेत, तोडणीची हाक आणि त्या हाकेवर मुकाट्याने बाहेर पडणारी माणसे, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

परतीच्या वाटेवर बाईंनी जे सांगितले तेही पुस्तिकेत नाही. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सर्बियाचे तत्कालीन अध्यक्ष बोरिस तादिच ओव्चाराला आले आणि त्यांनी क्षमा मागितली; त्याच दिवशी क्रोएशियाचे अध्यक्ष इवो योसिपोविच त्यांच्यासह पाउलिन द्वोर या खेड्यात गेले, जेथे डिसेंबर १९९१ मध्ये क्रोएशियन सैनिकांनी १८ सर्ब आणि एका हंगेरियनाला ठार केले होते. स्वतःच्या गावाच्या जखमेबद्दल बोलणाऱ्या स्त्रीने हे न विचारता सांगावे, यामुळे तिच्या बाकीच्या बोलण्यावरचा आमचा विश्वास वाढला. कंपनीने पुढच्या आवृत्तीत हा परिच्छेद घातला तर पुस्तिकेचे वजन वाढेल, कमी होणार नाही.

वेळापत्रकाविषयी एक तक्रार आहे. वुकोव्हारची पाण्याची टाकी, म्हणजे सहाशेहून अधिक तडाखे सोसूनही उभा राहिलेला तो उंच बुरूज, २०२० पासून लोकांसाठी खुला आहे. तो आम्हाला बसच्या खिडकीतूनच दाखवण्यात आला, आणि वाचवलेला वेळ एका भेटवस्तूंच्या दुकानावर खर्च झाला. शिवाय स्प्लिटकडे जाताना झादारजवळच्या श्काब्रन्यावरून मूकपणे पुढे जाणे खटकले. १८ नोव्हेंबर, म्हणजे वुकोव्हार पडले त्याच दिवशी, या गावात शिरलेल्या सैन्याने तळघरांत लपलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढून मारले, आणि २०२० पासून क्रोएशियात तो दिवस वुकोव्हार व श्काब्रन्या या दोघांच्या स्मरणार्थ राष्ट्रीय सुट्टी आहे. तेथे थांबायला वेळ नसेल तर नसो, बसमध्ये दोन वाक्ये सांगायला हरकत नव्हती.

पैसे वसूल झाले का, या नेहमीच्या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे, पण दोन गोष्टी नोंदणीच्या वेळीच लेखी मागून घ्याव्यात: स्थानिक मार्गदर्शक आणि लोव्हासचा थांबा. आमच्यानंतरच्या एका तुकडीला वेळ कमी पडल्याने लोव्हास वगळल्याचे कानावर आले आहे. लहान मुलांना ओव्चाराच्या आत नेऊ नये. आणि ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी पुस्तिकेवर विसंबून न राहता न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावरील म्र्क्शिच खटल्याच्या, आयटी-९५-१३/१ या क्रमांकाच्या, निकालाचा सारांश आधी वाचावा. तो विनामूल्य आहे आणि विमानात सहज वाचून होतो.