दीर्घकालीन विकाससंकल्प तपासताना: मलेशिया अभ्यासावा की केनिया?

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या एखाद्या महाविद्यालयात किंवा वाचनालयात 'विकसित भारत २०४७' या संकल्पाचा अभ्यास करायला मंडळ जमले, तर तो कोणत्या मापाने जोखायचा हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. वीस-पंचवीस वर्षांच्या संकल्पाची पारख त्याच्या मजकुरावरून होत नाही. ज्या देशांनी असे संकल्प आधी सोडले, त्यांचे दप्तर उघडावे लागते. सवड एकाच देशापुरती असेल, तर मलेशिया घ्यावा की केनिया, एवढाच या आढाव्याचा विषय आहे.

मलेशियाचा संकल्प मोजायला सोपा होता. फेब्रुवारी १९९१ मध्ये पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांनी तीस वर्षांत पूर्ण विकसित राष्ट्र होण्याचे ध्येय मांडले आणि त्यासाठी वर्षाला सरासरी सात टक्के वाढ, म्हणजे दर दहा वर्षांनी दुप्पट होणारे उत्पन्न गृहीत धरले. १९९७-९८ च्या आशियाई आर्थिक संकटाने हा हिशेब मोडला. एकट्या १९९८ मध्ये अर्थव्यवस्था सात टक्क्यांहून अधिक आक्रसली. २०२० उजाडले तेव्हा जागतिक बँकेच्या वर्गवारीत देश उच्च मध्यम उत्पन्न गटातच, म्हणजे सर्वांत वरच्या गटाच्या एक पायरी खाली होता, आणि त्याच्या आदल्याच वर्षी, पुन्हा पंतप्रधान झालेल्या महाथिर यांच्या सरकारने २०३० चा नवा संकल्प जाहीर केला होता. देश मधल्या काळात बराच पुढे गेला, हे नाकारता येणार नाही. मात्र अभ्यासकाने खरे थांबावे ते गरिबीच्या आकड्यापाशी. २०१६ साठी अधिकृत गरिबी ०.४ टक्के सांगितली जात होती; २०२० मध्ये दारिद्र्यरेषा सुधारून दरमहा ९८० रिंगिटवरून (मलेशियाचे चलन) २,२०८ रिंगिटवर नेली, तेव्हा त्याच वर्षाचा आकडा ७.६ टक्के झाला. लोकांच्या घरात काहीही बदलले नव्हते, फक्त रेषा बदलली होती. कोणताही संकल्प वाचताना यशाची रेषा कोणी आखली आणि ती शेवटची केव्हा तपासली, हे विचारायला मलेशिया शिकवतो.

केनियाचे 'व्हिजन २०३०' हे २००८ मध्ये सुरू झाले, तेही निवडणुकीनंतरच्या भीषण हिंसाचाराला काही महिनेच झाले असताना. आर्थिक, सामाजिक आणि राजकीय असे त्याचे तीन आधारस्तंभ होते, वार्षिक दहा टक्के वाढीचे लक्ष्य होते आणि अंमलबजावणी पाच-पाच वर्षांच्या मध्यम मुदतीच्या योजनांतून व्हायची होती. वाढीचा दर लक्ष्याच्या निम्म्याच्या आसपासच घुटमळत राहिला, त्यामुळे निव्वळ आकडेवारीत केनिया मलेशियासमोर फिका पडतो. तरीही कोकणातल्या वाचकाला तो अधिक जवळचा वाटेल, याचे कारण लामू.

लामू हे हिंदी महासागराच्या काठावरचे जुने बंदर, आणि तिथल्या बेटांवर पिढ्यान् पिढ्या मासेमारी चालते. याच परिसरात राष्ट्रीय संकल्पाचा भाग म्हणून नवे खोल पाण्याचे बंदर उभारायचे ठरले. स्थानिक रहिवासी न्यायालयात गेले, आणि २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने माहिती मिळण्याच्या, निकोप पर्यावरणाच्या व पारंपरिक मासेमारीच्या हक्कांचा भंग झाल्याचे मान्य करून सुमारे ४,६०० मच्छीमारांना १.७६ अब्ज केनियन शिलिंगची भरपाई देण्याचा आदेश दिला. पुढच्याच वर्षी तिथल्या कोळसा वीजप्रकल्पाचा परवाना पर्यावरण न्यायाधिकरणाने रद्द केला. बंदरातला जहाजे लागण्याचा पहिला धक्का मात्र २०२१ मध्ये सुरू झाला. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, त्याचा अंदाजित खर्च ७६,२२० कोटी रुपये आहे, आणि तिथल्या मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. हे ठाऊक असलेल्या वाचकाला लामूचे प्रकरण परके वाटणार नाही.

एका बाबतीत मात्र दोन्ही देश सारखे आहेत, आणि ती बाब भारताच्या वाचकाला बोचण्यासारखी आहे. दोघांनीही दूरच्या ध्येयाखाली पंचवार्षिक पायऱ्या ठेवल्या. आपला नियोजन आयोग २०१४ मध्ये मोडीत निघाला, नीती आयोग जानेवारी २०१५ पासून आला आणि बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ मध्ये संपल्यावर तेरावी आलीच नाही. पंचवार्षिक योजनांचेही दोष होते, परंतु पाच वर्षांनी तुटीचा जाब विचारण्याची निश्चित जागा तरी होती.

मंडळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी अधिक असतील आणि आकडे कसे घडतात हे समजून घ्यायचे असेल, तर मलेशिया घ्यावा. त्याची आकडेवारी दीर्घ आणि तुलनेने सुसंगत आहे. पण मंडळातले सभासद जनसुनावणीला जाणारे, डोल-रापणीच्या मासेमारीवर घर चालवणारे किंवा त्यांच्या मुलांना शिकवणारे असतील, तर मी निःसंकोच केनियाच सुचवीन, आणि तोही संकल्पाच्या दस्तऐवजापासून नव्हे, लामूच्या निकालापासून. निकाल वाचून झाल्यावर मूळ दस्तऐवजात मच्छीमारांविषयी काय लिहिले होते ते शोधावे, आणि मग तीच तपासणी २०४७ च्या कागदपत्रांवर करावी.