सेकंडहँड डोझर : चौदा महिन्यांचा हिशेब (चेन उतरल्याच्या रात्री लिहायला घेतलेला)

आज संध्याकाळी पाचच्या सुमाराला डोझरची उजवी चेन, म्हणजे तो ज्यावर चालतो तो लोखंडी पट्टा, उतरली. उतरली तीही खालच्या ओघळीत, जिथं जॅक टेकवायला सपाट जागा नाही आणि फोनला रेंज नाही. रिव्हर्समध्ये वळण घेतलं, चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, म्हणजे स्प्रॉकेटवर, दोनदा ‘टाण टाण’ झालं आणि बारा टनांचं धूड तिरकं होऊन बसलं. तेव्हा पुढचं सगळं रागात लिहितोय, हे धरून चाला.

मशीन कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही. पस्तीस वर्षांच्या लोखंडाचं दुखणं कंपनीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. चार सिलिंडर, डायरेक्ट ड्राइव्ह, सरळ ब्लेड, मागं रिपर नाही. ज्यांना कळायचं त्यांना एवढ्यावरून कळेल.

आमचा सांगोला तालुक्यात नऊ एकर माळ. शेळ्या फिरण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी शिवारात आलं आणि माळाला एकाएकी भाव आला. डाळिंबाला मुरमाड, निचऱ्याची जमीन मानवते, पण ओघळी आणि टेकाडं मोडल्याशिवाय ठिबकच्या नळ्या अंथरायच्या कुठं? भाड्याच्या डोझरला तासाला २,२०० रुपये डिझेलसह सांगत होते, तेही त्यांच्या सवडीनं. जेसीबीवाला १,२०० मध्ये यायला तयार होता. पण जेसीबी उकरतो छान, माती ढकलत नेऊन पसरायचं काम त्याचं नव्हे. म्हणून ही बुद्धी सुचली.

किंमत ६ लाख ४० हजार. घेताना मी केलेला हिशेब असा : बारा टन लोखंड, भंगार किलोला तीस रुपये, म्हणजे ३ लाख ६० हजार कुठं गेले नाहीत. उरलेल्या २ लाख ८० हजारांत डोझर मिळतोय. या हिशेबाचा तेव्हा मला फार अभिमान होता. डोझर वाहून आणणाऱ्या लोबेड ट्रेलरचं भाडं ३८ हजार पडलं, ते मी घरी आठ दिवस सांगितलं नव्हतं.

बघायला गेलो तेव्हा इंजिन तासभर ऐकलं. थंड असताना चालू केलं, धूर बघितला, ऑइलची पट्टी काढून वास घेतला, ब्रीदरवर हात धरून बघितला. सगळं उत्तम. इंजिन आजही उत्तम आहे, त्याबद्दल एक अक्षर तक्रार नाही. पण चेनवाल्या मशीनला आयुष्यभर देखभाल-दुरुस्तीचा जो खर्च लागतो, त्यातला निम्म्याच्या आसपास खालच्या चेन-रोलरवर जातो, आणि मी तिकडं वाकूनसुद्धा बघितलं नाही. स्प्रॉकेटचे दात कावळ्याच्या चोचीसारखे टोकदार झाले होते. चेनच्या कड्या जोडणारे पिन-बुश एका अंगानं झिजले होते. ते अर्धा फेरा फिरवून घेतले की न झिजलेली बाजू कामाला येते. आम्ही तेच केलं, पण पहिल्याच महिन्यात. त्यात रोलरचे दोन सील, होज पाइप आणि दोन बॅटऱ्या, सगळे मिळून १ लाख ७० हजार.

आता मुख्य मुद्दा. उजवी चेन सैल पडते.

डावी पडत नाही. दोन्हीकडे सारखंच काम, सारखाच मुरूम. पुढच्या आयडलरच्या, म्हणजे चेन ज्यावरून वळते त्या मोकळ्या चाकाच्या, मागं ग्रीसचा सिलिंडर असतो. गननं ग्रीस भरलं की आयडलर पुढं सरकतो आणि चेन ताणली जाते. आयडलर आणि वरचा रोलर यांच्या मध्ये चेनवर सरळ पट्टी ठेवायची, पट्टी आणि चेन यांतलं अंतर वीस ते तीस मिलिमीटर हवं. मी पट्टीऐवजी सुतळी ताणून धरतो. रात्री पंचवीसला सोडावी तर सकाळी चाळीस. भरावी, तर दुपारी परत चाळीस. चौदा महिने रोज सकाळी चहाच्या आधी मी त्या चेनपुढं उकिडवा बसतोय. पुतण्या म्हणतो, “काका, हिला नैवेद्य दाखवा एकदा.”

कुणी म्हणेल, मग जरा जास्तच ताणून ठेवा. तेही करून झालं. ओला मुरूम दातांत भरला की ताणलेली चेन आणखी आवळते, इंजिन कण्हायला लागतं, पिन-बुश डोळ्यांदेखत झिजतात. सैल ठेवावी तर वळताना उतरते. उजव्या अंगाला गेलेलं ग्रीस मोजलं तर चौदा महिन्यांत चार बादल्या होतात. एवढ्यात तालुक्यातल्या सगळ्या बैलगाड्यांना वंगण झालं असतं.

म्हणून माझं मत : खाजगी शेतीसाठी जुना डोझर घेऊ नका. भाड्यानं आणा, पैसे द्या, शांत झोपा.

वरचं लिहून तीन आठवडे झाले. ते खोडत नाही, तसंच राहू दे.

चेन चढवायला दीड दिवस गेला. पोकलेन बोलावून एक बाजू उचलली, घण मारून मास्टर पिन काढली, पार गोंधळ. पूर्वी पाटबंधाऱ्याच्या कामांवर डोझर चालवलेले एक मामा आहेत, मला चालवायला त्यांनीच शिकवलं. ते आले, बघितलं आणि म्हणाले, ग्रीसच्या सिलिंडरचा सील गेलाय. सील आणला, आयडलर पुढं ओढून काढला, बदलला. सामान आणि मजुरी धरून साडेअकरा हजार. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळी लावली : अडतीस मिलिमीटर. मी चहा घेतला नाही.

मग मामांनी ग्रीस भरायचं तोंड पुसून बघितलं आणि विचारलं, “हे कुणी बसवलं?”

मीच बसवलं होतं. घेतल्यावर दुसऱ्या आठवड्यात तिथला मूळ व्हॉल्व्ह गळत होता. पार्टवाल्यानं नव्या व्हॉल्व्हचे ९०० रुपये सांगितले. बोटाच्या पेराएवढ्या वस्तूचे नऊशे! मी ट्रॅक्टरच्या दुकानातून साठ रुपयांचं साधं ग्रीस निप्पल आणलं, आटे जुळत नव्हते तर सुतळी आणि शेलॅक लावून आवळलं, आणि ८४० वाचवले. तेच निप्पल चौदा महिने थेंब थेंब ग्रीस सोडत होतं. मातीचा थर बसल्यामुळं दिसत नव्हतं, एवढंच. मामांनी आणखी एक ऐकवलं : आतलं ग्रीस चेनच्या ताणानं इतक्या जोरात दाबलेलं असतं की असलं निप्पल सुटून उडालं तर हात फोडून जाईल. मी रोज त्याच्यासमोर तोंड करून बसत होतो. खरा व्हॉल्व्ह सैल करतानासुद्धा एका फेऱ्याच्या वर फिरवायचा नाही आणि तोंड बाजूला ठेवायचं. ग्रीसनं चेन ताणणाऱ्या कुठल्याही मशीनला हे लागू आहे.

नवा व्हॉल्व्ह आता ९५० ला मिळाला. पन्नास रुपये वाढले, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा वरचं मत अर्धं मागं घेतो. चेनची तक्रार मिटली, आणि ती मिटल्यावर बाकीचं मशीन पहिल्यांदा नीट दिसलं.

चालवायला मजा आहे, हे आधी लिहायला हवं होतं. पायाखाली असतो तो ॲक्सिलरेटर नव्हे, उलटा आहे. दाबला की इंजिनचा वेग कमी होतो. गाडीची सवय असलेला माणूस घाबरून पाय उचलतो आणि मशीन सुसाट सुटतं. दुसरी गोष्ट उताराची. सपाटीवर डावा लिव्हर ओढला की मशीन डावीकडे वळतं. तीव्र उतरणीवर, ब्रेक न लावता, तोच लिव्हर ओढला तर ते उजवीकडे जाऊ शकतं, कारण क्लच सुटलेली डावी चेन मोकळी धावते आणि उजवीला इंजिन धरून ठेवतं. मामांनी हे आधी सांगितलं होतं, मी मान डोलावली होती, आणि तरीही विहिरीच्या कठड्यापासून तीन हातांवर थांबलो. घरी हेही सांगितलेलं नाही.

एक चूक मात्र पैशात मोजता येत नाही. पहिल्या एकरात मी हौसेनं वरची माती थेट खड्ड्यांत ढकलली आणि वर उघडी पांढरी चुनखड राहिली. तिथं मटकीसुद्धा धड आली नाही. पुढच्या आठ एकरांत आधी वरची नऊ-दहा इंच माती कडेला ढिगानं लावली, खालचा मुरूम कापून भरला, आणि मग तीच माती परत अंथरली. तासांचं काम दीडपट झालं, पण रान झालं. आजी १९७२ च्या दुष्काळात याच माळाच्या खालच्या अंगाला ताली, म्हणजे मातीचे बांध, टाकायच्या कामावर होती. त्यातल्या दोन ताली मी मोडल्या नाहीत. मशीन वळवून घ्यावं लागतं, डिझेल जळतं, जळू दे.

तासांचा मीटर बंद आहे म्हणून डिझेलवरून तास काढले. तासाला साधारण ११ लिटर, नऊ एकरांना २६० तास. डिझेल २ लाख ६० हजार, दुरुस्त्या सगळ्या मिळून २ लाख ४५ हजार, मामांची हजेरी ४५ हजार. मशीनची किंमत सोडून एकूण साडेपाच लाख. भाड्यानं केलं असतं तर ५ लाख ७२ हजार. म्हणजे माझा फायदा बावीस हजार. हा आकडा मी जेवताना मोठ्यानं सांगितला. घरातून उत्तर आलं, “आणि लोबेडचे अडतीस?” तिला कधीपासून माहीत होतं, देव जाणे.

पण मशीन दारात आहे. कोपऱ्यावरचा भाऊबंद दोन एकरांसाठी मागतोय. भाड्यानं देणार नाही. मी चालवीन, डिझेल त्याचं. मुरूम मात्र त्याच्याच रानात फिरवणार. बाहेर विकायचा तर परवाना आणि रॉयल्टी लागते, ते लचांड नको.

घ्यायचंच असेल तर बघायला जाताना सुतळी खिशात ठेवा. विकणारा चेनला नवीन रंग मारून ठेवतो, पण दातांची चोच रंगानं बुजत नाही. दोन्ही लिव्हर आळीपाळीनं ओढून मशीन दोन्हीकडे जागच्या जागी वळतंय का बघा, उताराकडे तोंड करूनही बघा. आणि इंजिन दहा मिनिटं ऐका, तासभर नको.

पावसाळ्यासाठी चेनखाली जुने स्लीपर (रेल्वेच्या रुळांखालचे ओंडके) घातलेत, ब्लेड फळीवर टेकवलंय आणि सायलेन्सरवर तुपाचा डबा पालथा घातलाय. गेल्या वर्षी तो काढायला विसरून इंजिन चालू केलं होतं. डबा शेजारच्या डाळिंबात सापडला. डाव्या फायनल ड्राइव्हला तेलाचा ओघळ दिसतोय, तो दिवाळीनंतर बघू. आज सकाळी सुतळी लावली : पंचवीस. कालही पंचवीसच होते. उद्यापासून रोज मोजायचं नाही असं ठरवलंय, पण सुतळी अजून खिशातच आहे.