उजनीखालचं गावठाण शोधताय? आधी कोणता नकाशा घ्यावा

उन्हाळ्यात भीमेवरचं उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा साठा उरला, की सोलापुरात दोन विषय ठरलेले: नळ किती दिवसाआड, आणि पळसदेवचं देऊळ पाण्याबाहेर आल्याचे फोटो. मग कुणीतरी विचारतंच, "आमचं जुनं गाव नकाशावर सापडेल का?"

सापडतं. धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याआधीचा सर्व्हे ऑफ इंडियाचा (सरकारी नकाशा खात्याचा) इंची नकाशा (इंचाला एक मैल) की त्यानंतरचा १:५०,००० चा (सेंटीमीटरला अर्धा किलोमीटर), एवढाच खरा प्रश्न. जुन्या क्रमांक-पद्धतीत दोन्हींचा शीट क्रमांक तोच. धरणाची भिंत ४७ एन/४ वर येते.

माझं मत इंचीकडे. नव्या शीटवर बुडीत क्षेत्र म्हणजे सपाट निळा रंग, त्याखाली काही नाही. जुन्यावर भीमा आपल्या पात्रातून वाहते. काठाला गावठाण, देऊळ, ओढा, बैलगाडीची वाट. करमाळ्याकडच्या माझ्या मावशीला इंग्रजी अक्षर वाचता येत नाही. तिने देवळाच्या खुणेवर बोट ठेवलं, ओढ्याच्या रेघेवरून खाली आणलं आणि एका विहिरीच्या निळ्या ठिपक्यावर थांबवलं. "हितं आमची मोट हुती."

पाणी कुठवर चढलं तेही जुन्यावरच काढता येतं. धरण भरल्यावरची पातळी ४९६.८३ मीटर, म्हणजे साधारण १,६३० फूट. इंची नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) पन्नास-पन्नास फुटांवर असतात. १,६०० आणि १,६५० च्या मधून पेन्सिल फिरवा, काठ मिळतो. अंदाजेच, पण घर कोणत्या बाजूला होतं ते कळतं.

नवा घ्यायचा तो पुनर्वसनाची गावं, आजचे रस्ते आणि कालवे पाहायला. तिथे जुना निरुपयोगी.

अमेरिकन लष्कराचे १:२,५०,००० चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत. सेंटीमीटरला अडीच किलोमीटर; त्यात गावठाण शोधणं म्हणजे ज्वारीच्या पोत्यात मोहरी.

दोन गोष्टी सांभाळा. जुनं शीट मोबाइलच्या नकाशावर तसंच चढवलं तर शंभर-दीडशे मीटर सरकतं, कारण त्याची मोजणी 'एव्हरेस्ट' नावाच्या गोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या हिशोबावर आहे, आणि मोबाइलचा हिशोब वेगळा. एवढ्यात विहीर शेजाऱ्याच्या रानात जाते. आणि छपाईच्या सालावर जाऊ नका, समासात सर्व्हेचं साल वेगळं दिलेलं असतं, ते बघूनच घ्या.