शिकागोची आर्किटेक्चर बोट, आणि त्याआधी न्यूयॉर्क

शिकागो आर्किटेक्चर सेंटरची ९० मिनिटांची बोटफेरी आम्ही दोघांनी जूनमध्ये केली. आठवडाभर आधीच न्यूयॉर्क पाहून झालं होतं, त्यामुळे तुलना ओघानेच आली. मी पुण्यात एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे ३१ वर्षं आरसीसीची ड्रॉइंगं काढली. उंच इमारत दिसली की माझी नजर काचेवर टिकत नाही. कॉलम कुठून खाली उतरतोय ते शोधते.

न्यूयॉर्कचं आधी सांगते. तिथल्या एका प्रेक्षागॅलरीत वेळ ठरवून तिकीट काढूनही दीड तास रांगेत गेला, आणि वर पोचल्यावर कठड्यापाशी जायला परत गर्दी. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर रॉकफेलर सेंटरच्या ७० व्या मजल्यावर गेलो, तेव्हा मात्र समाधान झालं. एम्पायर स्टेटवर चढलं तर एम्पायर स्टेटच दिसत नाही. इथून ती समोर उभी असते, १९३१ ची, ३८१ मीटर. जुन्या इमारती वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी आत सरकतात, ते १९१६ च्या नियमामुळे. रस्त्यावर ऊन पडावं म्हणून केलेला कायदा आकाशात असा दिसतो, हे मला फार आवडलं. आणि पैसे वाचवायचे असतील तर स्टेटन आयलंडची फेरी फुकट आहे. तिच्या मागच्या बाजूला उभं राहिलं की अख्खं खालचं मॅनहॅटन दिसतं. पण न्यूयॉर्क असं लांबूनच बघायचं. जवळ गेलं की नुसत्या भिंती.

शिकागोत उलट. तिथे इमारती नदीच्या काठाला येऊन उभ्या आहेत, आणि बोट त्यांच्या पायथ्याशी नेते. माहिती सांगणारी माणसं स्वयंसेवक असतात. आमच्या बोटीवर पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, हातात कागद नाही, आवाज खणखणीत. १८७१ मध्ये शहर जाळणाऱ्या आगीपासून त्यांनी सुरुवात केली. मग १८८५ ची होम इन्शुरन्स बिल्डिंग: दहाच मजले, पण भार भिंतींऐवजी धातूच्या सांगाड्यावर घ्यायची सुरुवात तिथली. ती १९३१ मध्येच पाडली. शहराखाली मऊ चिकणमाती, म्हणून मोठ्या इमारतींचे पाये थेट खडकापर्यंत नेलेले. आमच्याकडे काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत फुटिंग खाली न्यावं लागतं, तीच गोष्ट, फक्त माप वेगळं.

१५० नॉर्थ रिव्हरसाइड जवळ आली तेव्हा मी उभीच राहिले. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ, मधे जागा चिंचोळी. म्हणून ५४ मजल्यांची इमारत तळाशी फक्त ३९ फूट रुंद, आणि वर जाऊन पसरलेली. वाऱ्याने डुलू नये म्हणून माथ्यावर पाण्याच्या टाक्या. सेंट रेजिस टॉवरमध्ये वेगळा तोडगा: ८३ वा मजला मोकळाच सोडलाय, वारा आरपार जातो. मरीना सिटीच्या दोन गोल 'कणसां'चे, म्हणजे मक्याच्या कणसासारख्या मनोऱ्यांचे, बाकीचे फोटो काढत होते, मी मात्र कडेला लावलेल्या गाड्यांचे मजले मोजत बसले.

नदीच्या दक्षिण फाट्यात विलिस टॉवर आला. याचसाठी मी आले होते. ४४२ मीटर, ११० मजले, १९९८ पर्यंत जगात सगळ्यात उंच. नऊ चौकोनी नळ्या, म्हणजे नळीसारखे उभे मनोरे, एकत्र बांधल्यात. दोन ५० व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या, आणि दोनच शेवटपर्यंत जातात. खालून पाहताना हे बोट ठेवून सांगता येतं. ही कल्पना स्ट्रक्चरल इंजिनिअर फझलूर रहमान खान यांची, जन्म ढाक्याचा. एम्पायर स्टेटपेक्षा उंच, तरी दर चौरस फुटाला पोलाद कमी. आमच्या ऑफिसात त्यांचं नाव आदराने घेतलं जायचं, पण मी ते फक्त छापील पानावर पाहिलं होतं. बाईंनी ते स्पष्ट उच्चारलं तेव्हा माझे डोळे भरून आले. उतरताना मी थांबून त्यांच्याशी बोलले. मागे रांग असूनही त्यांनी खान यांच्याच हॅनकॉक इमारतीच्या फुलीसारख्या तिरक्या ब्रेसिंगबद्दल, म्हणजे आधाराच्या पट्ट्यांबद्दल, दहा मिनिटं सांगितलं.

तिकीट स्वस्त नाही, पण मला ते पुरेपूर वसूल वाटलं. जागा ठरलेल्या नसतात, अर्धा तास आधी जा आणि वरच्या उघड्या डेकवर बसा. टोपी हवीच, दुपारी सावली मिळत नाही. इंग्रजी भराभर असतं. सोबत वडीलधारे असतील तर आदल्या रात्री त्यांना पाच-सहा इमारतींची नावं सांगून ठेवा. विलिसच्या १०३ व्या मजल्यावरच्या काचेच्या सज्जातही आम्ही नंतर गेलो. यजमानांना तो जास्त आवडला. मला नदीच.